करड्या शेडिंगवरचं पुरळ

टॅटू काढल्यावर दोन-तीन दिवस जागा लाल, गरम राहणारच. ती लाली रोज थोडी उतरायला हवी. उलट ती कडेबाहेर पसरू लागली, पू आला, ताप भरला, तर बहुधा स्टॅफिलोकोकस किंवा स्ट्रेप्टोकोकस या जंतूंचा संसर्ग. हे पहिल्या काही दिवसांतच कळतं. डॉक्टरकडे लगेच जायचं.

फसवा प्रकार वेगळाच. टॅटू छान भरतो, खपल्या पडतात आणि एक ते तीन आठवड्यांनी बारीक लाल पुटकुळ्या उठतात. त्याही फक्त करड्या शेडिंगवर. काळी रेघ स्वच्छ. असं दिसलं की मायकोबॅक्टेरियम चेलोनी या जंतूचा संशय घ्यावा. क्षयाच्या जंतूच्या गोतातला, पण राहतो पाण्यात आणि मातीत. क्लोरीनला सहज दाद देत नाही.

करड्यावरच का? करडा म्हणजे पाणी घालून पातळ केलेला काळा. नळाचं, फिल्टरचं, अगदी डिस्टिल्ड पाणीसुद्धा निर्जंतुक असतंच असं नाही. चहाला चालेल, कातडीखाली नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरमध्ये २०११च्या अखेरीस एकाच कलाकाराकडे टॅटू काढलेल्या १९ जणांना असा संसर्ग झाला. मूळ सापडलं कंपनीतूनच पातळ होऊन आलेल्या करड्या शाईत. हातमोजे नि नवी सुई तिथे काय करणार?

म्हणून कलाकाराला पाण्याबद्दल विचारा. इंजेक्शनसाठीच्या निर्जंतुक पाण्याची अँप्यूल (छोटी सीलबंद कुपी) समोर फोडावी, शाई एकदाच वापरायच्या छोट्या कपात घ्यावी, उरलेली परत बाटलीत ओतू नये.

अशा पुरळाला ॲलर्जी समजून स्टिरॉइडचं मलम लावणं ही सर्वांत महागडी चूक. खाज थांबते, जंतू फोफावतो. सेफॅलेक्सिनसारख्या नेहमीच्या अँटिबायोटिक गोळ्याही इथे निकामी. बायोप्सीचे दोन तुकडे घ्यावे लागतात: एक फॉर्मलिनमध्ये सूक्ष्मदर्शकासाठी, दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये कल्चरसाठी, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखण्यासाठी. सगळंच फॉर्मलिनमध्ये टाकलं तर जंतू मरतो आणि कल्चर कोरं येतं. लॅबच्या चिठ्ठीवर संशय स्पष्ट लिहायला सांगा, कारण हा जंतू ३० अंशांच्या आसपास नीट वाढतो, नेहमीच्या ३७ला नाही. उपचारात बहुतेकदा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक असतं, तेही काही महिने.

गोव्याच्या सुट्टीत टॅटू काढायचाच असेल तर परतीच्या आदल्या दिवशी काढा. जखम भरेपर्यंत समुद्र आणि स्विमिंग पूल बंद. यकृताचा आजार असलेल्यांनी तर नक्कीच, समुद्रातला व्हिब्रिओ हा जंतू त्यांच्या जिवावर बेतू शकतो. टॅटूच्या दुकानातून निघण्यापूर्वी शाईच्या बाटलीवरच्या बॅच नंबरचा फोटोही काढून ठेवा.