अल कुद्राच्या वाळूत भेटलेली शमी

जानेवारीतला शनिवार. पहाटे साडेपाचला दुबईतल्या करामातून गाडी काढली, तेव्हा आई मागे शाल गुंडाळून बसली होती. सोबत थर्मासमध्ये चहा, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. आठ दिवस तिला मॉलच दाखवत होतो. शेवटी तीच म्हणाली, "मोकळं रान नाही का रे इथं कुठं?"

अल कुद्राची वाळवंटातली तळी शहरापासून पाऊण तासावर. तळ्यांपाशी जायला ना तिकीट, ना फाटक. ज्या अल मरमूम अभयारण्यात ही तळी आहेत, ते दुबईच्या सुमारे दहा टक्के भूभागावर पसरलेलं आहे आणि त्याला कुंपणसुद्धा नाही. तळी मात्र माणसांनी केलेली. सायकलवाल्यांसाठी ८६ किलोमीटरचा स्वतंत्र रस्ता आहे. आम्ही पोचलो तेव्हा अंधारात त्यांचे लाल दिवे एकामागून एक सरकत होते.

उजाडलं तसं पाण्यावरचं धुकं विरलं. काठाच्या चिखलात शेकाटे, पलीकडे रोहित पक्षी. मग टेकाडाआडून पांढरीशुभ्र, लांब सरळ शिंगांची दोन ओरिक्स हरणं आली. आई उठूनच उभी राहिली. रानातला शेवटचा अरबी ओरिक्स १९७२ साली संपला होता. प्राणिसंग्रहालयांत जपलेल्या जनावरांची पैदास करून १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात पुन्हा कळप सोडले. हे मी तिला सांगितलं. बराच वेळ ती गप्पच बसली, आणि मलाही भरून आलं.

ऊन चढल्यावर एका घाफच्या सावलीत चटई टाकली. उंट खालचा पाला खातात, म्हणून हे झाड खालून कातरल्यासारखं दिसतं. २००८ पासून ते अमिरातीचं राष्ट्रीय झाड आहे. आईने वाकलेली फांदी हातात घेतली, बारीक पानं आणि काटे निरखले.

"अरे, ही तर शमी!"

खरंच शमी. ज्या झाडावर पांडवांनी शस्त्रं लपवली, तेच. बारा वर्षं या झाडाखाली येऊन बसतोय, पण मला कधी ओळखता आलं नाही. आईने खोडाला हात लावून नमस्कार केला.

एकच गोष्ट जिवाला लागली. शेजारीच कुणीतरी बार्बेक्यूचे निखारे वाळूत पुरून गेलं होतं, आणि आजूबाजूला प्लॅस्टिकच्या पिशव्या. पुरलेला निखारा कितीतरी वेळ धगधगत राहतो, अनवाणी पोराचा पाय भाजतो. पिशव्या हरणांच्या पोटात जातात. फुकट जागा म्हणजे बेवारस जागा नव्हे. कृपा करून आपला कचरा गाडीत घालून परत न्या, आणि निखारे पाण्याने पुरते विझवा. नोव्हेंबर ते मार्च हाच यायचा काळ. पाणी भरपूर घ्या, आणि साधी गाडी डांबरी रस्त्यावरून वाळूत उतरवू नका.

निघताना आईने विचारलं, "दसऱ्याला इथं ऊन फार असतं का रे?"

"असतं. पण पहाटे आलं तर जमेल."


"मग ये," ती म्हणाली. "पोरांना घेऊन ये."