रतनवाडी ते खिरेश्वर, सोयऱ्यांच्या वाटेने

रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाला जायची वाट सह्याद्रीत फिरणाऱ्यांना जुनीच आहे. मी काही नवं शोधलं असा दावा नाही. तरी लिहितोय, कारण निघण्याआधी मी जमवलेल्या सगळ्या माहितीपेक्षा एकच प्रश्न जास्त कामाला आला, आणि तो मला सुचलेला नव्हता. रतनवाडीत आम्ही ज्यांच्याकडे उतरलो, त्या मामांनी चुलीपुढे बसल्या बसल्या तो बायकोला विचारला, "कुमशेतात आपल्यातली कोन दिलीय गं?"

आम्ही तिघे. कसाऱ्यापर्यंत लोकल, तिथून जीपने घोटी, घोटीहून राजूरकडे जाणाऱ्या एसटीने शेंडी आणि शेंडीहून भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालत रतनवाडी. हा अकोले तालुका, जिल्हा अहिल्यानगर. धरण १९२६ साली पुरं झालं. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस कोसळतो, प्रवरा इथेच रतनगडाच्या कुशीत उगम पावते, आणि तिचं पाणी खाली बागायतीत उसाला जातं. धरणाच्या वरच्या वाड्यांवरच्या बाया मात्र एप्रिलपासून हंडे घेऊन झऱ्यावर रांगेत बसतात. हे गणित मला कधीच पचलेलं नाही.

रतनवाडीत आता राहायची सोय मुबलक आहे. काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मेच्या अखेरीपासून पाऊस लागेपर्यंत, इथे गाड्यांची रीघ लागते. घरोघरी 'राहण्याची व जेवणाची सोय'चे फलक आहेत. आम्ही गेलो डिसेंबरात. फलक होते, माणसं कमी होती. भाताची झोडणी उरकली की या गावांतली कितीतरी घरं कुलूप लावून नारायणगावकडे उतरतात. तिथे पहाटे मजुरांचा बाजार भरतो, टोमॅटो तोडायला, द्राक्षबागेत, कांद्याच्या लागणीला माणसं लागतात. म्हणजे ट्रेकला हवा सगळ्यात चांगली असते तेव्हा वाट दाखवणारा तरणा माणूस गावात नसतो. आखणी करताना हे कुणी सांगत नाही.

तर तो प्रश्न. मामांची पुतणी खिंडीपलीकडच्या कुमशेतात दिलेली निघाली. लगेच ठरलं, मामा स्वतः येणार, रात्री पुतणीकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी ते परत. "आन् पुढं?" मी विचारलं. "पुढचं पुढचे बघत्यान. मी माझ्या शिवंपुरता." मोबाइलच्या नकाशात रतनवाडी ते पाचनई, म्हणजे हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं गाव, अशी सलग रेघ होती. मामांनी ती बघितली, मान डोलावली आणि म्हणाले, "वाट हाये, पन उघडी हाये का ते त्यात कुढं दिसतंय?"

पहाटे अमृतेश्वराच्या देवळाला प्रदक्षिणा घालून निघालो. तिथल्या शिल्पांवर वेगळा लेख होईल, इथे नको. सुरुवातीची वाट प्रवरेचा ओढा पुन्हापुन्हा ओलांडत गर्द झाडीतून चढते. वर एक फाटा लागतो. उजवीकडे शिड्यांची वाट रतनगडावर जाते, सरळ जाणारी कात्राबाईकडे. सॅका फाट्याजवळ झाडीत ठेवून गड बघून आलो. नेढ्यात, म्हणजे कड्यातल्या आरपार भोकात, वारा इतका होता की बोलणं अशक्य. समोर अलंग, मदन, कुलंग हे किल्ले आणि मागे कळसूबाई.

खरं जंगल फाट्यानंतर सुरू होतं. हिरडा, जांभूळ, अंजनी आणि त्यांच्या पायाशी उभी कारवी. १९८६ पासून हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मग वाळते, हे आपण फोटोंच्या निमित्ताने पाठ केलेलं असतं. तिचं दुसरं रूप चालणाऱ्याला भेटतं: डोक्याच्या वर गेलेली, दोन्ही बाजूंनी वाटेवर झुकलेली, खरखरीत. दोन पावसाळे कुणी फिरकलं नाही की वाट गायब. मामांच्या हातात कोयता होता आणि ते चालता चालता, न थांबता, डावी-उजवी एकेक काडी उडवत होते. मला वाटलं आमच्यासाठी चाललंय. "पोरीला यायला जायला बरं पडतं," म्हणाले.

तिथे मला पहिल्यांदा नीट कळलं की ही वाट वनखात्यामुळे टिकलेली नाही की ट्रेकर मंडळींमुळेही नाही. रतनवाडी आणि कुमशेत यांच्यात लेकी दिल्या-घेतल्या जातात, सणाला, बाळंतपणाला, दहाव्याला माणसं ये-जा करतात, उन्हाळ्यात हिरडा गोळा करायला बाया याच रानात येतात, म्हणून ती मळलेली आहे. गाडीरस्त्याने हेच अंतर मोठा फेरा मारून पडतं. पण आता घरोघरी मोटरसायकल आली. पुतणीचा नवरा कधी पायी येत नाही. पुतणी येते, तीही वर्षातून एखाद-दोनदा.

खिंडीत कात्राबाईचं ठाणं आहे. मामांनी एक हिरवी डहाळी तोडून वाहिली, आम्हीही वाहिली. पलीकडे सगळं मुळा नदीचं खोरं उघडलं. समोर आडवा हरिश्चंद्रगड, अलीकडे कलाडगड, उजव्या हाताला आजोबाचा डोंगर. उतार घसाऱ्याचा आहे आणि थकलेल्या गुडघ्यांची परीक्षा बघतो. सावल्या लांबल्या तेव्हा कुमशेतात पोचलो.

मामांची पुतणी तिशीची असेल. तिच्या दारात आम्ही पाव्हणे नव्हतो, काकाबरोबर आलेली माणसं होतो, आणि या दोन्हींत बराच फरक पडतो. फलक लावलेल्या घरात ताट मिळतं, इथे आधी, "पाय धुवा, मंग बसा." घर कारवीच्या कुडाचं, शेणा-मातीने लिंपलेलं, वर कौलं. एका अंगाला गोठा, मध्ये चूल, कोपऱ्यात भाताची कणगी. खिडकी नाही, त्यामुळे धूर आत फिरत राहतो आणि डोळे चुरचुरतात. पण डिसेंबरच्या रात्री त्या घराला ऊब असते ती या धुरामुळे आणि गुरांमुळेच. जेवायला नागलीची भाकरी, हुलग्याचं माडगं आणि लसणाची चटणी. भात निराळा लागला म्हणून विचारलं, तर काळभात हा इथला देशी वाण निघाला. अकोल्याच्या याच डोंगरपट्ट्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांसाठी पद्मश्री मिळाली. पुतणीला नाव ठाऊक होतं, कौतुकही होतं. म्हणाली, "आमच्याकडं पन बी हाये की. पन पिकतं थोडं, म्हनून मानसं हायब्रीड लावत्यात."

सोयींबद्दल स्पष्ट लिहितो, कारण जाणाऱ्याला ते हवं असतं. सरकारी संडास बांधलेला आहे, त्यात सरपण भरलंय, सकाळी डबा घेऊन ओढ्याच्या बाजूला जायचं. मोबाइलला टेकाडावर चढल्याशिवाय रेंज नाही. रात्री कणगीमागे उंदरांची शर्यत चालते. स्लीपिंग बॅग असली तरी खाली कॅरीमॅट हवीच. सारवलेली जमीन दिसायला उबदार वाटते, पण पाठीत गारवा भरतो. आणि शहरातून मुलांसाठी चॉकलेटं नेऊ नका. नेलीच तर घरातल्या बाईच्या हातात द्या.

पुढच्या वाटेचा प्रश्न रात्रीच निघाला. शेजारचा एक पोरगा तयार होता. हरिश्चंद्रगडावर सुट्टीच्या दिवशी तंबू लावतो, बोलायला तरतरीत. पण त्याला मुळेच्या पात्रापर्यंतचीच वाट माहीत. पुढे तो आंबितवरून गाडीने जातो. मग पुतणीची सासू चुलीमागून म्हणाली, "मी येते. मला जायाचंच हाये." आजींचं माहेर पेठेच्या वाडीचं.

वय विचारलं तर हसल्या. पोरगा म्हणाला सत्तर तरी असेल. नऊवारीचा काष्टा, पायात रबरी चपला, डोक्यावर गाठोडं, हातात काठी. सकाळी ऊन वर आल्यावर निघालो, त्याआधी त्या निघेनात. दंव पडलेल्या गवतावरून चालणं त्यांना मंजूर नव्हतं. आमच्या घड्याळात दोन तास वाया गेले. अर्थात, आमच्या बुटांचे तळवे सकाळी ओल्या कातळावर सटकले असते, हे खाली उतरताना लक्षात आलं.

या टप्प्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय आणि सगळ्यात कमी सांगता येतंय. नकाशावर तो छोटा आहे: पठार, उतार, नदी, चढ. आजी मात्र तो झाडांवरून चालत होत्या. या आंब्याखाली लग्नाचं वऱ्हाड थांबलं होतं. इथे वाघोबाचा दगड आहे, याला शेंदूर लावतात. दिवाळीच्या तोंडावर वाघबारसेला खीर होते. इथे पूर्वी पाणी असायचं, आता फेब्रुवारीत आटतं. एका ठिकाणी ढोरवाटांचं जाळं झालं होतं, पाच-सहा वाटा फुटलेल्या. पोरगा थांबला, मी मोबाइल काढला, आजी थांबल्याच नाहीत. "ढोरं पाण्याला जात्यात. आपल्याला मानसांकडं जायाचंय," असं म्हणत त्या सगळ्यात अंधुक वाटेने शिरल्या. नंतर माझ्या लक्षात आलं की मोबाइलमधली रेघ डावीकडे बरीच खालून जात होती. ती कदाचित आणखी कुणा आजींची वाट असेल.

मुळेला डिसेंबरात घोट्याएवढं पाणी होतं. पावसाळ्यात इथून कुणी जात नाही, आणि तुम्हीही जाऊ नका. वरच्या डोंगरात सर आली की पात्र किती वेळात भरेल याचा भरवसा नसतो. पलीकडच्या चढावर मात्र कारवीने वाट पार मिटवली होती. पोरगा कोयत्याने पुढे, आजी मागून दिशा सांगत, आम्ही मधे. काट्यांनी हात ओरबाडून निघाले. आजी एकदाच जरा वैतागल्या. म्हणाल्या, सुना आता गाडीवर येतात-जातात, त्यामुळे इकडून कुणी येत नाही. तक्रार गाडीबद्दल नव्हती. गाडी आल्यावर बाळंतीण बाई झोळीत घालून न्यावी लागत नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

पेठेच्या वाडीत आजींना बघून घरातून आरडाओरडा झाला. भावजय, भाचे, नातवंडं. आम्हाला ओटी मिळाली आणि चहा मिळाला; आमच्याकडे बघायला मात्र रात्रीपर्यंत कुणाला सवड नव्हती. ते फार बरं वाटलं.

पैशांविषयी. रतनवाडीत ताटाचा आणि वाटाड्याचा दर ठरलेला असतो, तो द्यावा, घासाघीस करू नये. कुमशेतात पुतणी पैसे घेईना. मामांनी तोडगा काढला: पैसे तिच्या मुलाच्या हातात द्यायचे, 'वह्यांसाठी' म्हणून. रक्कम आम्ही रतनवाडीच्या दरानेच धरली. पोराला दिवसाचा रोज दिला, नारायणगावला त्याला मिळाला असता त्याहून थोडा जास्त, कारण तो तिकडे न जाता आमच्याबरोबर आला होता. आजींनी नोटा परत केल्या आणि दुसरंच काम सांगितलं, ते पुढे येईल.

पाचनईहून हरिश्चंद्रगडाचा चढ या सगळ्यापुढे सोपा आहे. कातळभिंतीच्या कडेने, ओढ्याच्या सोबतीने दोन-अडीच तासांत माणूस थेट हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी पोचतो. केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यात उभं राहिलो, कोकणकड्यावर पालथं पडून खाली डोकावलो. शनिवार होता. वर तंबूंची वसाहत होती, लाउडस्पीकर होता, मॅगी होती. दोन दिवस माणसांच्या आवाजाला दुरावलेलो नव्हतो, तरीही तो आवाज सहन झाला नाही. रात्री वर राहायचा बेत सोडला आणि तोलार खिंडीने खिरेश्वरला उतरलो. रेलिंग लावलेला कातळटप्पा उजेडात उरकावा, एवढंच त्या वाटेबद्दल.

खिरेश्वर पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात. तिथून खुबी फाटा आणि माळशेज घाटाने कल्याणकडे जाणारी एसटी. आजींचं काम म्हणजे त्यांच्या गाठोड्यातली एक पिशवी मुरबाडला पोचवायची. नातू तिथे दुकानात कामाला आहे, स्टँडवर येईल. रेंज आल्यावर त्याला फोन लावला. गाडी मुरबाडला थांबली तेव्हा तो खिडकीखाली उभाच होता. पिशवी घेतली, तोंड सोडून आत बघितलं: नागलीचं पीठ, वाळवलेले मासे, काळभाताचे तांदूळ.

"आजी पायी आली?"

"पायी."

"वरई नाय दिली?" कंडक्टरने घंटी मारली. मी म्हटलं, आजी दहा-बारा दिवस पेठेच्या वाडीतच आहेत, फोन करून विचार.