अंजिराची हलकी पाटी

पुण्याच्या मंडईत पुरंदरच्या अंजिरांची पाटी यंदा हलकी दिसली आणि अवकाळी पावसाने फळे उकलल्याचे विक्रेत्या मावशींनी सांगितले, तेव्हा हवामानबदल हा शब्द मला प्रथमच जवळचा वाटला. याच जिल्ह्यात, बारामतीजवळच्या माळेगावात, २००९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था दुष्काळ, उष्णता, क्षार यांचा पिकांवरील ताण अभ्यासते. मात्र केवळ ताण सोसणारे नवे वाण पुरणार नाहीत, पेरणीची पद्धतही बदलायला हवी, असे माझे मत आहे. रुंद वरंबा-सरी पद्धतीने, म्हणजे रुंद उंचवट्यांवर आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना चर (सरी) ठेवून पेरलेल्या सोयाबीनमध्ये पावसाचा खंड पडल्यास ओल टिकते आणि अतिवृष्टीत जादा पाणी सरीतून निघून जाते. ही दुहेरी सोय, पेरणीयंत्र गावातच भाड्याने मिळाले तर, लहान शेतकऱ्याच्याही आवाक्यात येते.