कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा

एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नको, असं सांगणारं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (ती जुलै २०२४ पर्यंत लागू होती) कलम ३०० मी वीस वर्षं वापरत आलो. परवा न्यायाधीशांनी त्याखालचं एक उदाहरण मोठ्यानं वाचून दाखवलं आणि दुसऱ्या खटल्याविरुद्धच्या माझ्या अर्जात काही उरलं नाही.

माझा पक्षकार पिकअप चालवतो. जानेवारी २०२२ मध्ये कांदा घेऊन लासलगावला जाताना त्यानं एका मोटारसायकलवाल्याला धडक दिली. भारतीय दंड संहितेची २७९ आणि ३३८ ही कलमं लागली: बेदरकार वाहन चालवणं आणि गंभीर दुखापत. सप्टेंबरात कोर्टात गुन्हा कबुलीची मोहीम होती. अशा दिवशी फायलींचे गठ्ठेच्या गठ्ठे निकाली निघतात. कोण कशाला हो म्हणतोय हे बघायला कुणाला सवड नसते, वकिलालाही नाही. मी त्याला म्हणालो, "कबूल करून टाक. दंड भर, मोकळा हो. एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा होत नाही." कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दीड हजार दंड झाला. संध्याकाळपर्यंत तो मागच्या बाकावर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला.

नोव्हेंबरात जखमी माणूस गेला. मणका मोडलेला, दहा महिने अंथरुणाला खिळलेला; पाठीच्या जखमा चिघळून संसर्ग रक्तात गेला. पोलिसांनी ३०४-अ, म्हणजे हयगयीनं मृत्यू, असं नवं दोषारोपपत्र पाठवलं.

माझा युक्तिवाद सरळ होता. धडक एकच, हयगय एकच, तिची शिक्षा भोगून झालेली. एकाच गुन्ह्याला दोनदा शिक्षा नको म्हणणारा राज्यघटनेचा अनुच्छेद २०(२) एकट्यानं पुरणार नाही हे मला माहीत होतं. मुंबई राज्य विरुद्ध आपटे या खटल्यापासून सर्वोच्च न्यायालय गुन्ह्याचे घटक जुळवून बघतं, आणि इथे मृत्यू हा घटक जादा होता. म्हणून भर ३००(१) वर, म्हणजे पुन्हा खटला चालवायला मनाई करणाऱ्या पहिल्या पोटकलमावर दिला. पण ३००(३) स्पष्ट आहे: शिक्षेच्या वेळी जो परिणाम घडलेलाच नव्हता, त्यानं वेगळा गुन्हा होत असेल तर पुन्हा खटला चालतो. न्यायाधीशांनी वाचलेलं उदाहरण तेच होतं. गंभीर दुखापतीबद्दल शिक्षा झाली, जखमी नंतर मेला, तर सदोष मनुष्यवधाचा खटला चालू शकतो. अर्ज नामंजूर.

कायदा चुकलाय असं मी म्हणत नाही. व्हरांड्यात मृताची बायको भेटली. ती म्हणाली, "दीड हजारात मिटवलं, तेव्हा आम्हाला कुणी बोलावलंसुद्धा नाही." कबुलीच्या दिवशी जखमीची आज काय अवस्था आहे हे विचारायची आपल्याकडे रीतच नाही, आणि ही मोठी चूक आहे. मणक्याचं फ्रॅक्चर वैद्यकीय दाखल्यावर होतं. मी ते वाचलं होतं. तेव्हा थांबायला हवं होतं.

आता सरकारी वकिलांनी त्या जुन्या निकालाची नक्कल दाखल केली आहे. बेदरकारपणा आरोपीनं स्वतःच कबूल केलाय, असं त्यांचं म्हणणं. घाईत मीच वदवून घेतलेला तो 'होय'. माझी लेखी हरकत आहे, निर्णय पुढच्या तारखेला. माझ्याकडे खरा मुद्दा एकच उरलाय, मृत्यूच्या कारणाचा: धडकेनं की शुश्रूषेतल्या हेळसांडीनं? शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची उलटतपासणी त्यावरच घ्यायची आहे.

या नव्या खटल्यात गुन्ह्याचा तपशील वाचून झाल्यावर न्यायाधीशांनी "कबूल आहे का?" असं विचारलं, तेव्हा माझ्या पक्षकारानं आधी माझ्याकडे बघितलं आणि मग नाही म्हणाला. बाहेर आल्यावर विचारलं, "साहेब, मागचा दंड यात धरतील का?"

तशी वजावट नाही. मी त्याला अजून सांगितलेलं नाही.