तारली अपडेट: आता काड्या मोजतोय

सांगलीत बसून समुद्री मासे ओळखायचा नाद म्हणजे रत्नागिरी-मालवणकडनं बर्फात घाट चढून जे येईल त्यावरच भागवायचं, पण तारली-पेडव्यांचं बरंय, स्वस्त मिळतात आणि बघून झाले की तव्यावर जातात त्यामुळे घरचे पण खुश.

तारली कुठली आणि पेडवा कुठला हे ओळखायला सध्या रंग, जाडी सगळं बाजूला ठेवून थेट पोटाखालच्या पराच्या (फिनच्या) काड्या मोजतोय. पांढऱ्या ताटलीत थोडं पाणी घ्यायचं, टाचणीनं पर उलगडायचा आणि मोबाईलचा टॉर्च तिरका मारायचा, काड्या सुट्या दिसतात. पहिली, टोकाला फाटे न फुटलेली काडी धरून नऊ आल्या तर तारली, म्हणजे शास्त्रीय नावानं सार्डिनेला लाँजिसेप्स. आठ आल्या तर पेडव्यांच्यातलं कोणतरी, सार्डिनेलाच्याच फिम्ब्रिआटा, गिबोसा नाहीतर अल्बेला जातीतलं. मंडईतल्या मावशी म्हणतात, "दादा, मोजून काय करताय, कालवणात समदी सारखीच."

डाउट असेल तर कल्ला उघडा. मोठ्या तारलीच्या कल्ल्याच्या पहिल्या कमानीवर नुसत्या खालच्या भागात १५० च्या वर गिल रेकर (अन्न गाळणारे दाते) असतात, उवांच्या फणीसारखे दाट, फिम्ब्रिआटात तेच ५४ ते ८२. तारली डायटम (पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ) गाळून खाते ना, म्हणून एवढी बारीक चाळण.

पण खरी मजा नकाशात आहे. नऊ काड्यावाल्या चार जाती धरतात आणि चौघींनी समुद्र वाटून घेतल्यासारखा आहे: ऑरिटा अटलांटिक आणि भूमध्य समुद्रात, निग्लेक्टा पूर्व आफ्रिकेला, लेमुरू इंडोनेशियापासून जपानकडं (बालीच्या सामुद्रधुनीत तिची मोठी मासेमारी चालते) आणि लाँजिसेप्स आपल्या अरबी समुद्रात. त्यामुळं कोकणातल्या माशाला नऊ आल्या की मी फार डोकं खाजवत नाही. लाँजिसेप्स पूर्वी जवळपास पश्चिम किनाऱ्याचीच समजायचे, १९८० नंतर तमिळनाडूकडं पण भरपूर मिळायला लागली. युरोपातली डबाबंद सार्डिना पिलचार्डस तर वेगळाच जीनस (जातींचा गट), तिच्या कल्ल्याच्या झाकणावर पंख्यासारख्या उठलेल्या रेघा असतात, आपल्यावालीचं झाकण गुळगुळीत.

अडकलोय ते गिबोसा-फिम्ब्रिआटात. पोटाच्या कडेचे काटेरी खवले मोजून बघितले, पण गिबोसाचे ३२-३४ आणि फिम्ब्रिआटाचे २९-३३, म्हणजे ३२-३३ आले की बोंबला. गिबोसाच्या अंगावरची सोनेरी पट्टी इथं येईपर्यंत फिकी पडते, खवले पण निम्मे गळलेले असतात. पावसाळी मासेमारी बंदी उठल्यावर ऑगस्टात कोण मालवण साईडला जाणार असेल तर ताज्या पेडव्यांचे आडवे फोटो तिथंच काढा राव, शेजारी मोजपट्टी ठेवून.