‘तू बस, मी क्लिक करून देते’ हे मला नको होतं

आमच्या ऑफिसात दरवर्षी काही ट्रेनिंग सक्तीची असतात, बहुतेक ऑनलाइन. माहितीची सुरक्षा, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, आगीपासून बचाव. मुदतीत झाली नाहीत की आधी आपल्याला आणि मग मॅनेजरला मेल जातात. मी कळव्याला राहते, ऐरोलीत एका बॅक ऑफिसात काम करते. मला दिसत नाही. एनव्हीडीए नावाचा मोफत स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो आणि माउसचं सगळं काम मी कीबोर्डवर करते. एक्सेल, मेल, रोजच्या नोंदी, कशाचंच अडत नाही. अडायचं ते या ट्रेनिंगमध्ये.

माहिती सुरक्षेचा कोर्स उघडला की कानात यायचं, ‘बटन, बटन, ग्राफिक, बटन’. कोणतं बटन पुढे नेतं, कोणतं आवाज थांबवतं, काही पत्ता लागत नसे, कारण बनवणाऱ्याने बटणांना नावंच दिली नव्हती. निवेदन सुरू झालं की निवेदक आणि माझा स्क्रीन रीडर एकदमच बोलायचे. शेवटच्या परीक्षेत प्रश्न होता, खालीलपैकी फसवे मेल ओढून लाल चौकटीत टाका. ते मेल म्हणजे नुसती चित्रं, त्यातलं अक्षरही वाचलं जात नव्हतं. ओढायला माउस हवा. वर वेळ चालू. फसवा मेल कसा ओळखायचा हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी निकाल आला नापास.

शेजारी बसणारी मैत्रीण म्हणाली, ‘तू बस गं, मी पटकन करून देते.’ तिने मायेनेच म्हटलं. एचआरच्या मॅडमनाही तोच मार्ग सोयीचा वाटला. मी नाही म्हटलं. आपलं लॉगिन दुसऱ्याला वापरू देऊ नका, हे तोच कोर्स शिकवतो. आणि छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे लेखी करायची, साधारण तीन महिन्यांच्या आत करायची, ही माहिती कोणत्याही बाईला एकटीने, कुणी शेजारी नसताना वाचता आलीच पाहिजे. दुसरीने क्लिक करून मिळवलेल्या सर्टिफिकेटने कंपनीची नोंद पूर्ण होते. माझं शिकणं तिथेच राहतं.

मग मी लेखी मेल केला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, गरजेप्रमाणे वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव धरला आहे. वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या समान संधी धोरणात काय काय असावं, हे २०१७ च्या नियमांत दिलं आहे. भरतीनंतरचं आणि बढतीपूर्वीचं प्रशिक्षण त्यात येतं, आणि या कामासाठी संपर्क अधिकारी नेमणंही. हे मुद्दे मी मेलमध्ये घातले, भाषा साधी ठेवली.

तरी मेलपेक्षा जास्त काम केलं रेकॉर्डिंगने. मी तो कोर्स चालवताना पडदा आणि स्क्रीन रीडरचा आवाज एकत्र रेकॉर्ड केला आणि मीटिंगमध्ये लावला. मी एरवी फार वेगात ऐकते, त्यांच्यासाठी वेग कमी केला. ‘बटन, बटन, ग्राफिक’ ऐकून खोलीत कुणी काही बोलेना. मग आयटीतल्या एकाने विचारलं, ‘म्हणजे आख्खा कोर्स असाच?’ तिथून गोष्टी हलल्या. कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्राला पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारे शब्द, द्यायची आणि टॅबने कशानंतर कशावर जायचं हा क्रम ठरवायची सोय बहुधा असतेच. कुणीतरी वेळ काढून ते भरायचं असतं. बाहेरच्या एजन्सीने बटणांना नावं दिली, ओढायच्या प्रश्नाच्या जागी पर्याय निवडायचा प्रश्न आला, परीक्षेची वेळ वाढवून घेता येऊ लागली. व्हिडिओंना मथळे, म्हणजे बोललेलं वाचता येईल असे कॅप्शन, आले. ते दुसऱ्या टीममधल्या, ऐकू न येणाऱ्या सहकाऱ्याने आधीपासून मागितले होते, पण त्याची मागणी तशीच पडून होती. याचं मला आजही वाईट वाटतं.

आगीचं ट्रेनिंग मात्र वर्गात असतं. शिकवणारे पडद्याकडे तोंड करून ‘हे असं धरायचं, इकडून असं फिरवायचं’ म्हणत होते. मी अग्निशामक हातात मागितला. पिन कुठे आहे, ती ओढताना किती जोर लागतो, नळी आगीच्या बुडाशी धरून दांडा दाबायचा आणि डावीकडून उजवीकडे फिरवत राहायचं, हे हाताला कळलं. मग बाकीच्यांनीही हातात घेऊन पाहिलं. जिन्याचा नकाशा माझ्या उपयोगाचा नव्हता, म्हणून आमच्या मजल्यापासून जमायच्या जागेपर्यंत मी सुरक्षारक्षकाबरोबर चालत गेले.

तेव्हा लक्षात आलं की रक्षक आणि सफाईच्या मावशींना या वर्गाला कुणी बोलवतच नाही. ते कंत्राटी, आणि वर्ग इंग्रजीत. मजल्यावर सकाळी सगळ्यात आधी त्याच येतात आणि कोणता दरवाजा अडकतो हे त्यांनाच माहीत असतं. त्यांच्यासाठी मराठी-हिंदीतून वर्ग हवा, असं मी त्याच मेलमालिकेत लिहिलं आणि बरंच मागे लागल्यावर तो झाला. एका मावशींनी विचारलं, पँट्रीतल्या इलेक्ट्रिक किटलीने पेट घेतला तर पाणी टाकायचं का? टाकायचं नाही, आधी मेन बंद करायचा, हे तिथल्या बऱ्याच जणींना त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं.

आता नवा कोर्स विकत घेताना एजन्सीने तो फक्त कीबोर्डवर आणि स्क्रीन रीडरवर चालवून दाखवायचा, त्याशिवाय बिल मंजूर होत नाही, अशी अट करारात आली आहे. नमुना तपासायला मला आणि त्या सहकाऱ्याला बोलावतात, आणि तो वेळ आमच्या कामाच्या तासांत धरतात. हे मी आग्रहाने लिहून घेतलं.

टीम लीडरसाठीचा कोर्स अजून बाकी आहे. तो थेट ऑनलाइन वर्ग असतो, शिकवणारे व्हाइटबोर्डवर आकृत्या काढत बोलतात. बोर्डावर जे काढाल ते तोंडाने सांगा आणि स्लाइड आदल्या दिवशी वर्डमध्ये पाठवा, असा अर्ज मी दिला आहे. सहकाऱ्याने सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची मागणी केली आहे. दोन्ही अर्ज सध्या संपर्क अधिकाऱ्यांकडे आहेत.