हेडलाइटचं काळं कव्हर आणि नापास झालेली गाडी

मित्राच्या गाडीला काळपट कव्हर बघितलं आणि मलाही हौस आली. गाडी पुढून एकदम रुबाबदार दिसते ना! शिवाय मनाची समजूत घालायला कारण तयार होतंच: खडी उडाली तरी काच फुटणार नाही. डबल टेपने दोन्ही बाजूंना चिकटवून टाकलं. पावसात रात्री रस्ता जरा कमी दिसायचा, त्याचं खापर मी चष्म्याच्या नंबरावर फोडत राहिलो.

मग तपासणीची तारीख आली. तपासनिसांनी चाकांवरची एक पेटी दिव्यासमोर सरकवत आणली आणि डिपर लावायला सांगितला. या पेटीत पुढे भिंग आणि आत पडदा असतो. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या पडद्यावर सुरीने कापल्यासारखी दिसायला हवी. माझ्या गाडीची कड पार विरघळून गेली होती.

"हे काढून आणा, मग बघू."

"अहो, पण दिवा लागतोय की!"

त्यांनी कव्हराच्या कडेने डोकावणाऱ्या काचेवर बोट ठेवलं. तिथे वर्तुळात ई अक्षर आणि शेजारी आकडा कोरलेला. "ही मान्यता दिव्याची. तुमच्या कव्हरावर आहे का अशी?"

नव्हती. घरी येऊन वाचत बसलो तेव्हा कळलं, की बल्ब, परावर्तक आणि पुढची काच हे सगळं मिळून एक दिवा म्हणून तपासलेलं असतं. त्यापुढे आपण काही लावलं की तो तपासलेला दिवा उरतच नाही. वाहनांच्या दिव्यांबद्दलचं अमेरिकेचं 108 क्रमांकाचं मानक तर स्पष्टच सांगतं: पेटलेल्या हेडलाइटच्या भिंगापुढे शोभेची वस्तू, पारदर्शक कव्हर किंवा जाळी, काही नको. 1961 साली आलेल्या जॅग्वार ई-टाइप या स्पोर्ट्स कारच्या दिव्यांवरची ती देखणी काचेची झाकणंसुद्धा 1968 च्या अमेरिकी नियमांपायी गेली. हे वाचून मला उगाच जरा बरं वाटलं.

काढताना मात्र घाम फुटला. हेअर ड्रायरने टेप गरम करायची आणि मागून जाड दोरा करवतीसारखा ओढायचा. डिंक पुसायला थिनर घेणार होतो, वेळीच थांबलो. हल्लीची 'काच' म्हणजे पॉलिकार्बोनेट. थिनरने तिला बारीक तडे जातात. कव्हर निघालं आणि आत बघतो तर अडकलेल्या धुळीने घासून घासून भिंग धुरकट केलेलं. ज्याच्या रक्षणासाठी लावलं, त्याचीच ही गत! ओल्या पॉलिश पेपरने, आधी 1000, मग 2000, मग 3000 नंबर, हळूहळू घासत गेलो. त्यात कंपनीचा संरक्षक थरही निघतो, म्हणून शेवटी यूव्ही कोट मारला. तो चुकवला तर भिंग लवकरच पिवळं पडतं.

दिव्यावर 1 टक्का असा उतार छापलेला होता. म्हणजे 10 मीटरवरच्या भिंतीवर उजेडाची कड दिव्याच्या उंचीपेक्षा 10 सेंटीमीटर खाली पडायला हवी. डावा बरोबर होता, उजवा किंचित वर मारत होता. मागच्या स्क्रूला अर्धा फेरा दिला. दुसऱ्या खेपेला तपासनिसांनी पेटीत डोकावून बघितलं आणि काही न बोलता शिक्का मारला.